पिना मारलेला धडा

ती घटना मला आजही आठवते, कारण तिच्यातला खरा अपराध आमच्या पोलीस ठाण्याच्या एकाही रजिस्टरमध्ये नोंदला गेला नाही. अन्याय झाला तो दहावीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीवर. सोमवारी सकाळी, विज्ञानाच्या तासाला.

त्या शाळेत एक प्रथा होती. नवी पुस्तकं आली की पुनरुत्पादनाच्या धड्याची पानं स्टेपलरने पिना मारून बंद करायची. मुलीने टेबलाजवळ जाऊन हळूच विचारलं, “बाई, पाळी दोन महिने आली नाही तर काय असतं?” बाईंनी उत्तर अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं दिलं, “चांगल्या घरच्या मुली असलं विचारत नाहीत. बाहेर हो.” मुलगी दप्तर घेऊन निघाली. घरी पोचलीच नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. दुपारी तीनला आई-वडील कसबा पेठेतून ठाण्यात आले तेव्हा वडिलांचा हुकूम तयार होता, “मॅडम, क्लासमधल्या त्या पोराला उचला आधी!”

“पुरावा?”

“तिच्याशी बोलतो तो!”

“बोलणं अजून गुन्हा झालेलं नाही, साहेब. बसा.”

मुलगी अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला, शाळेजवळच्या दुकानांतही दाखवला. मुख्याध्यापिकांना विचारलं, तर म्हणाल्या, “आमच्या शाळेत असलं काही नसतं.”

“असलं म्हणजे?”

“म्हणजे... असलं.”

खबर दिली ती औषधाच्या दुकानदाराने. त्याचा फोन आला, “शाळेच्या ड्रेसमधली मुलगी तीनदा येऊन परत गेली. शेवटी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. खोकला काही नव्हता, मॅडम. वारजेची बस विचारत होती.”

वारजेला मुलीची मावशी राहत होती. साध्या कपड्यांत, एका महिला हवालदाराला घेऊन मी तिच्या दारात गेले.

“ती इथे नाही,” मावशी म्हणाली.

“कोण नाही? मी अजून काही विचारलेलंच नाही.”

खोटं बोलणारा माणूस प्रश्नाच्या आधी उत्तर देतो, हे वीस वर्षांत पक्कं कळलं होतं. शिवाय शाळेचे काळे बूट दारातच होते. मावशी रडायला लागली. “घरी नेलंत तर शाळा सुटेल तिची. भाऊजी स्थळं बघायला बसलेतच!”

मावशीला शेजारी बसवूनच मी मुलीशी बोलले. दप्तरातून पुस्तक काढून तिने ती बंद पानं दाखवली. “यात असेल ना उत्तर? मी कंपासने उघडायला गेले तर पान फाटलं.” पुस्तक मिटून म्हणाली, “क्लासमधल्या त्या मुलाने वाढदिवसाला मिठी मारली होती. तेवढंच. मैत्रीण म्हणाली, पाळी चुकली म्हणजे तेच. मी जीव देणार नव्हते हो मॅडम, पण कुठे जायचं तेही कळेना.”

हसू नका. मुलगी दहावीत होती, पुण्यात राहत होती, आणि मिठीने दिवस जात नाहीत हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भ नव्हता, रक्त कमी होतं. गोळ्या आणि पालेभाज्या, बस्स. ऐकून मुलगी हमसून रडली आणि मग विचारलं, “उद्याची चाचणी देता येईल ना?”

नियमाप्रमाणे मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं, तिथे वडील म्हणाले, “पुरे झाली शाळा.” मी त्यांना बाहेर घेऊन सांगितलं, “तिचं लग्न लावायला गेलात तर पुढचा गुन्हा तुमच्यावर. मुलगी हुशार आहे, घाबरलीय फक्त.” आई पहिल्यांदाच बोलली, “ती उद्या शाळेत जाईल. मी सोडते.”

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंना घेऊन मी त्या वर्गात गेले. विज्ञानाच्या बाईंनी मुलग्यांना मैदानावर पिटाळायला सुरुवात केली. मी म्हटलं, “ते कुठे चालले? अर्धा प्रश्न त्यांचा आहे.” मुलांनी-मुलींनी पिना उपटल्या. आधी खिदळले, दहा मिनिटांनी वह्या उघडून लिहायला लागले. नकार कसा द्यायचा, नकार कसा ऐकायचा, कोणाला सांगायचं, सगळं. तो तास माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला बंदोबस्त!

मुलगी दहावी झाली, पुढे शिकली. आता खराडीला नोकरी करते आणि अधूनमधून फोनवर मलाच दटावते, “मॅडम, रक्त तपासलंत का?”

तिच्या बाबतीत वेळेत पोचलो. ज्यांना ही माहिती पहिल्यांदा प्रसूतीच्या खाटेवर मिळाली, अशा मुलींचे जबाबही मी घेतलेत. माहितीने मुलं बिघडतात म्हणणाऱ्यांनी त्यातला एक जबाब घेऊन बघावा. मुलं अज्ञानाने अडकतात, आणि भीतीने गप्प बसतात. म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी आता शाळाशाळांतून हेच सांगत फिरते.

पण मी एकटी किती शाळांना पुरणार? तुमचं मूल आठवी-नववी-दहावीत आहे ना? उद्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारा, हा धडा कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कोण शिकवणार आहे. उत्तर लेखी घ्या. मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नका.