घड्याळाचा मुलामा
दिल्लीच्या करोल बाग बाजारात सोनेरी घड्याळ दिसलं की मला समोशाच्या तेलाचा वास येतो आणि किळस वाटते. घड्याळावर असतो तसाच टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर मी सोन्याऐवजी, प्रकाशावर चालणाऱ्या चिपसाठी बनवला होता. माझे पीएचडीचे गाइड हसले, "हा तर घड्याळाचा मुलामा, यार! पाहुण्यांना सोनंच दाखवू." थर किती उष्णता सोसतो ते दाखवताना, लॅब पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर भट्टीत सोन्याचा थर फुटून त्याचे थेंब झाले. मग घाईने माझा नमुना आत ठेवला. तो जसाच्या तसा निघाला. "बिल्कुल माझीच कल्पना," समोसा चघळत, तेलकट बोट माझ्या नमुन्यावर टेकवत ते म्हणाले. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. गप्प बसायला शिकलेच नव्हते. म्हटलं, "सर, हा तर घड्याळाचा मुलामा ना?" पदवी उशिरा मिळाली, पण त्यांच्या बोटाचा डाग मी त्याच दिवशी पुसला.