सगळ्यांच्या पडद्यावर

इस्पितळाच्या संगणक विभागात त्याला सगळे भाचाच म्हणत, कारण तिथली सर्वांत जुनी कर्मचारी त्याची सख्खी मावशी होती. नोकरी तिच्या शब्दावर लागली आणि कामही तिनेच शिकवलं. सर्व्हरवर हाताने काही बदललं की 'लॉगर' ही कमांड देऊन सिस्टमच्या लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, एक ओळ टाकायची, हा तिचा दंडक. यंत्र स्वतःच्या नोंदी आपोआप करतं. माणसाने काय केलं आणि का केलं, ते माणसानेच लिहावं, असं ती म्हणे.

भाचा लिहू लागला. पुढे त्याच्या लक्षात आलं की या ओळी कुणी उघडूनही बघत नाही. मग नोंदींत टोमणे शिरले. आधी साहेबांवर, कँटीनच्या चहावर, आणि अलीकडे मावशीवर. तिचे हात थरथरायला लागले होते. भलतीच अक्षरं पडत, आणि निस्तरायला भाच्याला उठावं लागे. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून तो लॉगमध्ये बोलून घेई.

एका सकाळी त्याने धोक्याचा इशारा नीट जातो का, ते तपासलं. लॉगच्या संदेशाला पातळी देता येते. सर्वांत वरची, आणीबाणीची दिली, की तो लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटतो. चाचणी झाली. तेवढ्यात मावशीने चुकून सर्व्हरवरची भलतीच सेवा बंद केली. ती परत सुरू करून तो फणफणत जागेवर आला. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबून मघाचीच कमांड पुढ्यात आणली, फक्त मजकूर बदलला आणि एंटर दाबलं. पातळी तशीच राहिली.

'मावशीचे हात कामातून गेलेत. हिला आता घरी बसवा.'

वॉर्डांत, प्रयोगशाळेत, औषधांच्या खिडकीवर ही ओळ उमटली. शेजारच्या टेबलावरही. मावशीने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. फोन वाजू लागले. ते उचलायला तीच पुढे झाली; चाचणीचा संदेश होता, लक्ष देऊ नका, असं प्रत्येकाला शांतपणे सांगत राहिली. भाच्याची कानशिलं तापली होती. काय करावं सुचेना, म्हणून तो लॉगमध्येच माफी टाइप करू लागला.

"तिथे नको," मागून मावशी म्हणाली. "तोंडाने बोल."

"चुकलं माझं, मावशी."

"हात थरथरतात हे मला ठाऊक होतं रे. कुणाला कळू नये म्हणून धडपडत होते, एवढंच."

साहेबांनी त्याला फैलावर घेतलं. नोकरी वाचली ती मावशीने रदबदली केली म्हणून. तिने स्वतः मात्र चौकशीच्या खिडकीवर बदली मागून घेतली आणि तिचं काम भाच्याकडे आलं. त्याला हवं होतं तेच झालं, पण त्या खुर्चीत बसताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

घरी आईने बोल लावला नाही. ती फक्त म्हणाली, "तिच्या घरी जाऊन आलास का?"

जायला त्याने बरेच दिवस घालवले. मावशीने दार उघडलं, वाळलास म्हणाली, पलीकडच्या खोलीतल्या मावसोबांना हाक मारली. चहा झाला. तिने इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या, हसलीही. पण तो निघेपर्यंत तिने आपला कप उचलला नाही. चहावर साय धरली. भाच्याने ती पाहिली, आणि मान खाली घालून चपला शोधू लागला.