येसूवैनीच्या अंगणातला दरोडा

रायबा दरोडेखोर गरिबांचा वाली होता म्हणे. मग आमचा लवू कोण, नगरशेठ होता की काय?

लवू आमच्या सावर्ड्याजवळच्या वाडीतला. बोटीनं मुंबईला गेला आणि रेल्वेत ब्रेकवाला झाला. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसायचं आणि घाटात ब्रेक सांभाळायचा, हे त्याचं काम. घाट चढताना गाडी रांगते. तिथंच रायबाची टोळी डब्यांवर चढून कापडाचे गठ्ठे खाली फेकायची. एकोणतीस साली लवूनं त्यांना पाहिलं आणि ड्रायव्हरला इशारा द्यायला कंदील हलवला. रायबानं त्याला गोळी घातली नि खाली ढकललं. गाडी तशीच पुढं गेली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला पडलेला पाहिला, पण पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार? डॉक्टर नंतर म्हणाला, वेळेवर उचलला असता तर वाचला असता. आणि वरचे साहेब म्हणाले, गडी चोरांनाच सामील असेल! लवूची बायको येसूवैनी, तिच्या हातावर कुणी फुटकी कवडी ठेवली नाही.

पुढं रायबा फासावर गेला आणि लोकांना त्याचा पुळका आला. त्यानं गोरगरिबांना कापड वाटलं, आयाबहिणींना लुगडी नेसवली, काय नि काय! आमच्या वाडीत तर एक चिंधी आली नाही. ज्यांनी जन्मात आगगाडी पाहिली नव्हती ते त्याची गाणी म्हणू लागले. ऐकून माझ्या मस्तकात तिडीक जायची.

एका शिमग्याला तर कहर झाला. आमच्या खेळ्यांनी रायबाचंच सोंग काढलं. खेळे देवाच्या नावानं दारोदार नाचतात, त्यांना विन्मुख पाठवायचं नसतं. सोंगातल्या राजाच्या हातात घरच्या बाईनं नारळ द्यायचा, हा रिवाज; आणि या सोंगात राजा म्हणजे रायबाच. मेल्यांनी एक घर तरी वगळावं! भरदुपारी येसूवैनीच्या अंगणात हजर.

चार गडी एकमेकांची कंबर धरून गाडी झाले. पुढच्याच्या डोक्यावर धुराचं मडकं. धोंडू झाला होता ब्रेकवाला. तोंडाला काजळ, सुटलेलं धोतर, "आये गे, मेलो" करत पळतोय. रायबानं लाकडी बंदूक रोखली आणि धोंडू तंगड्या वर करून पडला. अंगण खो-खो हसलं. लवूच्या तेराव्याला जेवून गेलेली माणसं ती!

रायबा नाचत ओट्यापाशी आला. मृदंग वाजवणारा गंगाराम, लवूचा सख्खा चुलतभाऊ, म्हणाला, "वैनी, राजाला नारळ द्या. देवाचा मान हाय."

वैनी नारळ घेऊन उतरली. देवाचा कोप ओढवून घ्यायचा, की नवऱ्याच्या खुन्याला आपल्या हातानं मान द्यायचा?

रायबाकडं तिनं पाहिलंदेखील नाही. ती सरळ धोंडूपाशी गेली आणि नारळ त्याच्या छातीवर ठेवला.

"मान ह्येचा," ती म्हणाली. "आनि तुमी नाचताव काय रे? गोळी लागलेला मानूस भुईवर पडलाय. ह्येला कोन उचलनार हाय का नाय?"

कुणी हललं नाही. मग तिनंच धोंडूच्या काखेत हात घातला.

"ऊठ बाबा," ती म्हणाली. "घरला जा. बायको वाट बघतेय."