बिसाहिनचं दोन मजली घर

भुसाटोलीत कोणाला वकील करायची कधी गरज पडली नाही, कारण शेवंताबाईचं तोंड होतं. लोक हे थट्टेनं म्हणत, पण कचेरीत जायची वेळ आली की थट्टा करणारेच सकाळी तिच्या दारात येऊन उभे राहत.

तुमसरच्या बाहेर, राइस मिलींच्या मागं ही टोली आहे. पूर्वी मिलचा भुसा इथं आणून टाकत, त्यावरून नाव पडलं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला शेवंताबाई नवऱ्यासोबत इथं राहायला आली. ती मोहाडीकडच्या कोष्ट्याची लेक. सासरचा माग बंद पडला आणि लुगडी विणणारा नवरा तांदळाची पोती उचलायला लागला. त्या वेळी मराठी बोलणारं टोलीत तिचंच एक घर होतं. बाकी मग बिहारचे बॉयलरवाले, बालाघाटकडचे गाडीवान, दगड फोडणारे तेलुगू वडार, आणि सगळ्यांत जास्त छत्तीसगढचे हमाल नि रेजा. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईला इकडे रेजा म्हणतात. बॉयलरची काळी राख मात्र सगळ्यांच्या भातात सारखीच पडायची.

तुमसरातले जुने लोक या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळत. उपरे. शेवंताबाईला या शब्दाचा फार राग. खरं तर तिला तो लागू नव्हता, तिचं माहेर बसनं तासाभराच्या आतलं. पण शेजारणीला कोणी उपरी म्हटलं की हिच्याच अंगाला मिरची लागायची.

पहिल्यांदा जेसीबी आला तेव्हा तिनं काय केलं ते टोलीत अजून सांगतात. ती पेटती शेगडी उचलून घेऊन आली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. "साहेब, आंधण ठेवलं हाय. भात उतरू द्या, मंग पाडा," म्हणाली. तिचं पाहून बाकीच्या बायाही आपापल्या शेगड्या घेऊन आल्या, आणि पाहता पाहता सगळा रस्ता रांधायला बसला. शिजत्या भाताला लाथ मारायची हिंमत या मुलखात कोणाला होत नाही. साहेब चहा प्यायला म्हणून गेले ते त्या दिवशी परत आलेच नाहीत. त्यानंतर राहत्या जागेचा पट्टा, म्हणजे सरकारी हक्काचा कागद, मिळवायला पट्टा समिती निघाली, शेवंताबाई अध्यक्ष झाली आणि सायकलदुकानवाला तुलाराम सचिव. मग मोर्चे, निवेदनं, भंडाऱ्याच्या चकरा. भंडाऱ्याच्या संघटनेतली रीताताई कायद्याचं सांगायची आणि शेवंताबाई ते कचेरीत मोठ्या आवाजात म्हणून दाखवायची.

तिच्या भिंतीला भिंत लागून बिसाहिनचं खोपडं होतं. बिसाहिन छत्तीसगढची, स्वतः रेजा, नवरा सेवकराम मिलवर हमाल. बाई अबोल. शेवंताबाईचा नवरा पोत्यांच्या थप्पीखाली सापडून गेला तेव्हा सख्खी बहीण दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत गेली, पण बिसाहिननं तेरवीपर्यंत शेवंताबाईची चूल पेटू दिली नाही. दोन्ही वेळचा भात तिच्याच घरून यायचा. ती ताट ठेवायची आणि बाजूला बसून राहायची. शेवंताबाई जेवली की ताट घेऊन जायची. एवढंच. शेवंताबाईनं तिला बहीण मानलं ते तेव्हापासून, आणि मानलं म्हणजे अगदी मनापासून मानलं.

अखेर एकदाची सरकारला जाग आली. टोलीला जागेचे पट्टे आणि त्यावर घरकुल मिळणार असं ठरलं. घरोघरी पाहणी निघाली. पण सरकारी मुहूर्त तो, निघाला नेमका तीजेच्या दिवशी. आपल्याकडे हरताळिका असते तोच हा दिवस. छत्तीसगढच्या बायांचा हा वर्षाचा सण. पोळा झाला की भाऊ न्यायला येतो, बाई माहेरी जाते, उपास धरते, भावाची साडी नेसते. बिसाहिनचा भाऊ भैय्यालाल दरवर्षी येई. त्या वर्षी तर भाड्याची जीप करून आला होता आणि बहीण-भावजी दोघांनाही घेऊन गेला होता. दाराला कुलूप.

पाहणीवाला तरणा माणूस होता. उन्हानं वैतागलेला. कुलपाकडं पाहून म्हणाला, "हे पाहा. यांचं असंच. आज इथं, उद्या तिथं. ना घर ना दार, यांना पट्टे कशाला?"

झालं. शेवंताबाईची तळपायाची आग मस्तकात गेली.

"बिनघरची कोनाले म्हनता जी? भाऊ जीप घेऊन न्याले आला तिले, तुमच्या बहिनीले येते का? दोन मजली घर हाय तिच्या माहेरी, स्लॅबचं. वरचा मजला बापानं तिच्या नावानं ठेवला हाय. बैलं हायेत, धान हाय. भिकारी नाही ते लोकं!"

घर दोन मजली होतं हे खरं. पण ते भैय्यालालनं बांधलं होतं, आणि वरच्या मजल्याचं तर शेवंताबाईनं तिथल्या तिथं, बोलता बोलता रचलं होतं. माणूस मुकाट्यानं लिहीत गेला. प्रत्येक घराच्या पंचनाम्यावर टोलीतल्या दोघांच्या साक्षी-सह्या लागत, त्यांतली एक सगळीकडं अध्यक्षांची, म्हणजे तिची. ह्याही कागदावर तिनं सही ठोकली. त्यानं वाचून दाखवलं नाही, तिनं मागितलं नाही. बिसाहिनची इज्जत राखली या खुशीत ती दिवसभर होती, आणि बिसाहिन परत आल्यावर तिनं ते तिखटमीठ लावून सांगितलंही. बिसाहिन लाजून हसली. वरचा मजला ऐकून तर तोंडाला पदर लावला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं फळ दोन-तीन महिन्यांनी आलं. कचेरीच्या भिंतीवर यादी लागली. टोलीतली जवळजवळ सगळी घरं पात्र. बिसाहिनच्या नावापुढं लिहिलं होतं: अपात्र, मूळ गावी स्वतःचं पक्कं घर, अध्यक्षांच्या जबाबावरून.

तुलारामनं ते दोनदा वाचलं. शेवंताबाई आधी त्याच्यावरच ओरडली, मग तिथंच पायरीवर बसली. तोंडातून शब्द फुटेना. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं.

रीताताई भंडाऱ्याहून आली. तिनं सरळ सांगितलं, देशात कुठंही पक्कं घर असलं की इथं मिळत नाही. सुनावणी आहे, आणि वाटा दोनच आहेत. एक तर बिसाहिननं भावाकडून लिहून आणायचं की त्या घराशी हिचा काही संबंध नाही, आणि हिनंही लिहून द्यायचं की माहेरच्या घरावर माझा हक्क नाही.

बिसाहिननं मान हलवली. "भाई के दुवारी कागद मांगे नई जावंव," ती म्हणाली. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावू लागली, "ताई, साल में एक बार मी तथी जातो. भाऊ म्हनते, तुझंच घर हाय. मी कागद मांगला तर तो काय म्हनन? घर तुझं नाही, असं त्याच्या तोंडानं मी कशी ऐकू?"

रीताताईनं ती वाट सोडून दिली. दुसरी वाट शेवंताबाईची होती. आपण पंचनाम्यात खोटं सांगितलं असं तिनं सुनावणीत कबूल करायचं.

"करतो ना!" शेवंताबाई म्हणाली. "त्यात काय? माह्या तोंडानं बिघडलं, माह्याच तोंडानं सुधरवतो."

पण तुलारामनं तिला दुकानामागं गाठलं. तो वाईट माणूस नव्हता. समितीच्या मागं धावता धावता त्याच्या धंद्याचं वाटोळं झालं होतं. "शेवंताबाई, जरा डोस्कं वापर. साऱ्या पंचनाम्यावर तुह्यी सही हाय. एकदा तू खोटी ठरली का साऱ्या सह्या खोट्या. ते म्हनतीन पुन्हा पाहनी करा. पुन्हा पाहनी म्हंजे काय ते तुले मालूम हाय. निवडनूक आली, साहेब बदलला, का गेला पट्टा. एका घरापायी सारी टोली बुडवतं का?"

"मंग तिले बुडवू?"

"मले इचारू नको," तुलाराम म्हणाला आणि पंक्चरच्या पाण्याकडं पाहत राहिला.

शेवंताबाईला अन्न गोड लागेना. एका बाजूला टोली, तिनं शेगडीच्या आगीवर राखलेली. दुसऱ्या बाजूला ते ताट. काय करावं हे कोणाला विचारावं, तर आजवर ज्यांच्या अडचणीत ती धावली होती ते सगळे तिला पाहून बाजूला होत.  सुनावणीच्या दिवशी सकाळी तिनं तुलारामला बिसाहिनच्या खोपड्यातून खाली मान घालून निघताना पाहिलं. तो नजर चुकवून गेला. तरीही शेवंताबाई खोटं कबूल करायचं ठरवूनच निघाली होती. ऑटोत तिनं बिसाहिनचा हात धरला आणि सांगितलं, "घाबरू नको वो. मी बोलतो." बिसाहिननं हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

अधिकारी बाई होत्या, आणि चांगल्या होत्या. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी दिलं. पंचनामा वाचून दाखवला. शेवंताबाईचे सगळे शब्द त्यात होते, दोन मजले, स्लॅब, बैलं, वरचा मजला. सरकारी भाषेत ते फारच खरे वाटत होते.

"यावर हरकत आहे ना? बोला," बाई म्हणाल्या.

शेवंताबाई उठली. पण बिसाहिन तिच्या आधी बोलली. सगळ्या आयुष्यात कधी कोणाच्या आधी न बोललेली ती बाई.

"साहेब, दीदी सच कहिस. मोर मायका में घर हवय. ऊपर के माला मोर हे. वरचा मजला माझा हाय."

मागं भिंतीशी उभ्या असलेल्या सेवकरामनं बायकोकडं चमकून पाहिलं आणि मान खाली घातली. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "नीट विचार करून बोला. मग तुमची हरकतच राहत नाही. तुम्हाला इथं काही मिळणार नाही."

"हव," बिसाहिन म्हणाली.

बाई शेवंताबाईकडं वळल्या. "अध्यक्ष, तुम्ही उभ्या आहात. तुम्हाला काही सांगायचंय?"

सांगायचं होतं. वाक्य ओठावर होतं, आठवडाभर घोकलेलं. खोलीत पंखा फिरत होता. दाराशी टोलीतली चार माणसं उभी होती, तुलाराम होता, आणि सगळे तिच्याकडं पाहत होते. कोष्ट्याची ही बडबडी लेक, जेसीबीपुढं शेगडी मांडणारी. तिनं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली, आणि खाली बसली.

पट्टे आले. टोलीत मिठाई वाटली गेली, बिहारवाल्यांनी ढोलक काढली. शेवंताबाईच्या गळ्यात हार पडला, तो तिनं लगेच काढून ठेवला. पावसाळा संपल्यावर बिसाहिनचं खोपडं काढून टाकलं, कारण तिथून नाली जायची होती. बिसाहिन आणि सेवकराम खापा रस्त्याकडे एका गोठ्याशेजारच्या खोलीत भाड्यानं गेले. माहेरी ती गेली नाही. जाऊन भावाला सांगणार काय, की तुझं घर माझं आहे असं मी कचेरीत सांगून आले?

शेवंताबाईनं समिती सोडली. तुलारामनं विचारलं, काहून, तर म्हणाली घसा बसला. आवाज चांगला खणखणीत होता. पण कचेरीत कोणासाठी बोलायला उभी राहिली की मधेच तिचं अवसान जायचं, हे तिला ठाऊक झालं होतं. चांगलं केलं की वाईट, हे तिला कोणी सांगितलं नाही. टोली वाचली म्हणणारे होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. यानंच तर ती जास्त जळायची.

मग घरकुलांची कामं निघाली. मिस्त्री आले, विटा आल्या, आणि घमेली वाहायला बाया आल्या. शेवंताबाईच्या पायव्यावर पहिल्या दिवशी आलेल्या रेजांमध्ये बिसाहिन होती. काम जिथं निघेल तिथं जायचं, ते तिचं पोटच होतं. तिनं रेतीचं घमेलं खाली टाकलं, "राम राम दीदी" म्हणाली आणि दुसरं आणायला वळली. शेवंताबाई आत जाऊन रडली, तोंडात पदर कोंबून.

भिंती उठल्या. चौकट बसवायचा दिवस आला. मिस्त्रीनं लाकडी चौकट उभी केली आणि विचारलं, "हळदकुंकू कोन लावते जी? सवाशीन पाह्यजे." शेवंताबाई विधवा. शेजारच्या बाया मिलवर गेलेल्या. रेजांमधल्या दोघी अजून बिनलग्नाच्या. सगळ्यांची नजर फिरून बिसाहिनवर आली.

"तूच लाव," शेवंताबाई कशीबशी म्हणाली.

बिसाहिननं ड्रमातल्या पाण्यानं हात धुतले, सिमेंट निघेपर्यंत चोळले. पदराला पुसले. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हळद लावली, कुंकू लावलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, जसा आपल्या घराला लावतात तसा. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"बिसाहिन," शेवंताबाई म्हणाली, मिस्त्री ऐकत होता तरी म्हणाली, "मले बोलता आलं असतं त्या दिवशी. तुह्या मांगून बोलता आलं असतं. मी बोलली नाही."

"मय जानथंव, दीदी. मले मालूम हाय."

एवढंच. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, आणि शेवंताबाईनंही मागितलं नाही.

"चला, माल आना," मिस्त्री ओरडला. बिसाहिननं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि भरल्या घमेल्याजवळ जाऊन उभी राहिली. भरलेलं घमेलं एकटीनं डोक्यावर घेता येत नाही, कोणीतरी उचलून द्यावं लागतं. बाकीच्या दोघी लांब होत्या. शेवंताबाई पुढं झाली, वाकली, आणि आपल्या घराचा माल तिनं आपल्या हातानं बिसाहिनच्या डोक्यावर ठेवला.