चाळणीतलं टोक

कारखान्यात त्यांना सगळे काटेकाका म्हणायचे. खडकात अडकलेले ट्रायलोबाइट सोडवणं हे त्यांचं काम. ट्रायलोबाइट म्हणजे माणसाचा मागमूस नव्हता तेव्हा समुद्राच्या तळाशी सरपटणारे, कवचाचे किडे. केव्हाच नामशेष झालेले. त्यातल्या एका कुळाच्या डोक्यावर तीन दातांचा काटा असतो, जेवायचा असतो तसा. तो भांडायला की मिरवायला, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. काकांचं मत पक्कं होतं. "मिरवायलाच! नाहीतर एवढं ओझं डोक्यावर कोण घेईल?"

दगड कोरताना काट्याचं केसाएवढं टोक हटकून उडायचं. ते परत चिकटवावं लागायचं, म्हणून हरवू नये यासाठी खिडकी बंद, पंखा बंद, आणि टेबलावरची धूळसुद्धा टाकायची नाही. काका ती फडक्यात बांधून घरी न्यायचे, कारण काकूंची नजर घारीची. स्वयंपाकघरात बसून त्या धूळ चाळायच्या, फुंकर मारायच्या आणि टोक बरोब्बर हुडकून काढायच्या. "सापडलं हो तुमच्या किड्याचं शिंग!" काकांना बायकोचा कोण अभिमान! पुढे इतर कारागिरांच्या पुड्याही यायला लागल्या. काका कशाला नाही म्हणतील?

मग काकूंना खोकला लागला. आधी थंडीचा, मग वयाचा म्हणत दोघांनी तो अंगावर काढला. जिन्यात अर्ध्यावरच त्या बसायला लागल्या, तेव्हा कुठे काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "दगडाचं काम करता का तुम्ही?"

"छे हो, मी कुठली! हे करतात," काकू म्हणाल्या.

बाईंनी काकांचाही एक्स-रे काढला. छाती स्वच्छ होती.

"मी मास्क लावतो ना," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कारखान्यात मास्क सक्तीचा होता. घरी तो कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. बाईंनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, की फुप्फुसं दगडासारखी झालीत, आता औषध नाही.

घरी येताच काकांनी उरलेली पुडी उचलली, मोरीत ओतायला.

"अहो, थांबा! त्यात टोक आहे," उशांना टेकलेल्या काकू म्हणाल्या. "कारखान्यात तुमचे साहेब वाट बघत असतील."

"खड्ड्यात गेला साहेब!" काका जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

काकू धापा टाकत रडायला लागल्या. "तेवढं एकच काम मला तुमच्यापेक्षा बरं जमायचं हो. एवढं एक शोधू द्या."

धूळ उडू नये म्हणून काकांनी घमेलं पाण्यानं भरलं, पुडी चाळणीत ओतून ती पाण्यात बुडवली आणि हलवली. धूळ गढूळ होऊन खाली गेली. चाळणीत लख्ख धुतलेलं, काळं टोक उरलं.

"सापडलं हो!" काकू हसल्या. मग त्या पाण्याकडे बघत राहिल्या, आणि काका खाली मान घालून बसले. फुंकर मारायची कधी गरजच नव्हती.