पत्र्याच्या कामगाराचे हात

गुणाजी घाडी तिरसट होता, असं चाळीतले आजही सांगतात. सांगू देत! वीस वर्षं गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कापड विणून ज्याचे दोन्ही कान गेले, त्याच्याशी धड समोर उभं राहून बोलायलाही ज्यांना जड जात होतं, त्यांनी त्याच्या रागाची मापं काढू नयेत. गिरणीत त्या आवाजात सगळे ओठ वाचूनच बोलायचे. घरीदारीही गुणाजीचं तसंच चालायचं.

गिरणी संपाला तिसरं वर्ष लागलं होतं, गिरणीचं फाटक बंदच. लालबागच्या त्या गल्लीतल्या गणपतीपुढे त्या वर्षी देखावा ठरला, एकविसाव्या शतकातली गिरणी. साच्यावर माणूस नाही, पत्र्याचा कामगार. मंडळाच्या रमाकांत वायरमनने मोटारी बसवल्या, पण पुतळ्याचे हात काही केल्या विणकराचे वाटेनात. तेव्हा बरी आठवण झाली गुणाजीची.

गुणाजीने महिनाभर जीव ओतला. तुटलेला धागा चिमटीत कसा धरायचा, पीळ कसा द्यायचा, मनगट कुठे थांबवायचं, सगळं दाखवलं. संपानंतर पहिल्यांदाच त्याला कुणी कारागीर म्हणून हाक मारली होती. चतुर्थीला बायकोला, मालनला, देखाव्यापुढे उभं करून म्हणाला, "बघ, हात माझे आहेत."

लोक पोट धरून हसत होते, आणि मालनचा चेहरा पडला होता. पुतळ्याच्या पोटात टेपरेकॉर्डर बोलत होता. पुतळ्याला ओठच नव्हते, गुणाजीला कळणार काय? त्याने खोदून विचारलं, तेव्हा ती नुसते ओठ हलवून बोलली, "तो म्हणतोय, मी दमत नाही, मला भूक लागत नाही, मी संप करत नाही."

गुणाजीच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने रमाकांतला गाठून टेप बंद करायला सांगितली. रमाकांत हसला. पुढे असंच होणार, माणूस लागणारच नाही, म्हणाला. मग त्याला लावलेले माझे हात काढ, गुणाजी म्हणाला.

"तुमचं काम झालं, काका. आता त्याला येतं."

दोरी ओलांडून गुणाजी देखाव्यात शिरला. कार्यकर्ते धावेपर्यंत त्याने पुतळ्याचे दोन्ही हात मनगटापासून उपटले होते. देवाचा अपमान केला म्हणतात मेले. देवाचा कसला?

घरी येऊन तो मालनला एवढंच म्हणाला, "काढला त्याला कामावरून."