गाडी विकायची नव्हती

कर्वे रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर माझी गाडी पुन्हा एकदा सुरू होईना, तेव्हा मागचा रिक्षावाला उतरून आला आणि म्हणाला, "ताई, संग्रहालयात द्यायची सोडून पंपावर कशाला आणलीत?" सेल्फ मारला की इंजिन नुसतं घरघरत होतं, पेट घेत नव्हतं. पंपावरच्या पोरांनी गाडी ढकलून हवेच्या मशीनपाशी लावली. मी बाजूला उभी राहून धुमसत राहिले. बऱ्याच वेळाने किल्ली फिरवली, तर एका झटक्यात सुरू!

मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, राहायला कोथरूडला. ही गाडी मी माझ्या पगारातून, फक्त माझ्या हौसेसाठी घेतली होती. जुनी, बुटकी, टर्बो इंजिनाची. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. नवऱ्याला ती पहिल्या दिवसापासून खटकत होती. "या वयात हे काय खूळ?" असं तो पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचा.

गॅरेज त्याच्या ओळखीचं. त्यामुळे बिघडली की तोच नेऊन द्यायचा, तोच आणायचा. दर वेळी गाडी चकचकीत धुऊन यायची आणि निरोप तोच: "काही सापडलं नाही म्हणतात. विकून टाक."

एकदा मी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर लगेच सुरू होते. तुम्ही क्लच पूर्ण दाबता ना?"

इतकी वर्षं गाडी चालवतेय मी. फोन आपटावासा वाटला. 'आमच्याकडे तर नीट चालतं' हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकते. मधूनच उपटणारी चूक नेमकी कधी उपटते हे शोधायचाच मला पगार मिळतो. म्हटलं, आता मीच बघते.

मग लक्ष ठेवायला लागले. सकाळी गार असताना गाडी कधीच अडत नव्हती. दिवसभर ऑफिसात उभी राहिली, तरी नाही. लांबून येऊन भाजीला किंवा पेट्रोलला थोडं थांबलं, की मग अडायची. आणि एक गोष्ट दिसली. एरवी सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा जरासा थरथरायचा. अडलेली असताना मात्र तो शून्यावर मेल्यासारखा पडून असायचा. म्हणजे इंजिन फिरतंय, हेच गाडीला कळत नव्हतं. ते कळवणारा एक छोटा सेन्सर असतो, क्रँक सेन्सर. माझ्या गाडीत तो इंजिनाच्या मागे, टर्बोच्या धगीत बसवलेला होता. तापला की मुका होत असणार, असा माझा अंदाज.

रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली, थोडी थांबले, सेल्फ मारला. नाही झाली. काटा शून्यावर. बॉनेट उघडून कुंड्यांना पाणी मारायच्या फवाऱ्याने सेन्सर गार केला. मनगट कशाला तरी लागून चांगलंच भाजलं. पण पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली! मी एकटीच इतकी ओरडले, की वॉचमन धावत आला.

दुसऱ्या दिवशी थेट गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, "क्रँक सेन्सर गेलाय. तुम्ही तो तपासला होता का?"

गॅरेजवाला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो. आम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाही. साहेब म्हणाले, धुऊन परत द्या. कंटाळल्या की विकतील."

"आणि क्लचचं?"

"काहीतरी सांगा म्हणाले होते."

"गाडी कुणाच्या नावावर आहे, विचारलंत कधी?" माझा आवाज चिरकला. मी तिथून निघाले आणि सिंहगड रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लावली.

संध्याकाळी नवरा मटार सोलत बसला होता. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"गॅरेजवाल्याला काय सांगितलं होतंस?"

त्याने मान वर केली. नाकारलं नाही. "अगं, तू असली गाडी जोरात चालवतेस. मला भीती वाटते. आणि दर वेळी रस्त्यात अडकतेस, ते बघवत नाही."

"बघवत नाही म्हणून अडकू देत होतास?"

"मला वाटलं, तू स्वतःच कंटाळशील."

"पंपावर लोक मला हसत होते. मी घरी येऊन तुला सांगत होते, आणि तू मान डोलवत होतास!"

मी भाजलेलं मनगट त्याच्यासमोर धरलं. तो मलम आणायला उठला, तर मी बेडरूमचं दार लावून घेतलं. रिक्षावाल्याचा राग केव्हाच विरला होता. हा विरणारा नव्हता.

सेन्सर बदलल्यापासून गाडी एकदाही अडलेली नाही. नवऱ्याने माफी मागितली. मनापासून मागितली, हे मला कळतं. मी ऐकून घेतली. ठीक आहे असं काही म्हणाले नाही. आता कधीकधी तो शेजारी बसतो, मी वेग घेतला की दाराचं हँडल घट्ट धरतो, पण बोलत नाही. परवा त्याने विचारलं, "सर्व्हिसिंगला मी घेऊन जाऊ का?"

"नको," मी म्हटलं.